पाय टेकण्यापुरती जागा

१९९१ साली कोपनहेगनमधल्या चार संशोधकांनी डीएनएच्या पिळात बसेल असा एक तिसरा धागा तयार केला. पीटर निल्सन, मायकेल एगहोम, रॉल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट ही त्यांची नावं. डीएनएच्या दुहेरी पिळाला बाहेरच्या अंगाने एक रुंद खाच असते. आपला धागा त्या खाचेत बसावा, मूळचे दोन धागे जागच्या जागी राहावेत आणि तिहेरी पीळ तयार व्हावा, असा त्यांचा बेत होता. या धाग्याचा कणा त्यांनी साखर आणि फॉस्फेटचा ठेवलाच नाही. प्रथिनांमध्ये असतात तसल्या अमाइड बंधांनी तो बांधला. फॉस्फेट गेलं, त्याच्याबरोबर ऋणभारही गेला. डीएनएचे दोन धागे एकमेकांना जे सतत थोडंफार दूर लोटत असतात, ते लोटणं इथे उरलं नाही. झालं भलतंच. नव्या धाग्याने खाचेत निमूट बसण्याऐवजी पीळ उकलला, आतल्या एका धाग्याला बाहेर काढलं आणि त्याची जागा घेतली. ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच धागा-विस्थापनाचा उल्लेख आहे.

या धाग्याला पुढे पेप्टाइड न्यूक्लिइक अॅसिड, म्हणजे पीएनए, असं नाव पडलं. डीएनए नॅनोतंत्रज्ञानातली पुस्तकं मात्र विस्थापनाची गोष्ट साधारणपणे २००० सालापासून सुरू करतात आणि कृत्रिम न्यूक्लिइक आम्लांना शेवटच्या प्रकरणात, सुधारणा म्हणून, जागा देतात. मला हा क्रम पटत नाही. विस्थापन ही ज्या गुणावर चालणारी गोष्ट आहे, तो गुण कृत्रिम धाग्यांनी आधी दाखवला होता. आणि आज हे क्षेत्र जिथे अडलेलं आहे, तिथून पुढे जायची वाटही त्याच धाग्यांमधून जाते असं दिसतं.

आधी विस्थापन म्हणजे काय ते पाहू. डीएनएच्या धाग्यावर चार अक्षरं असतात: ए, टी, जी आणि सी. ए टीशी जुळतो, जी सीशी. दोन धाग्यांवरचा मजकूर असा परस्परपूरक असला की ते जोडले जातात आणि त्यांचा पीळ पडतो. आता अशी एक रचना डोळ्यांपुढे आणा. सव्वीस अक्षरांचा एक धागा आहे. त्याला तळ म्हणू. त्यातल्या वीस अक्षरांवर एक जोडीदार आधीच बसलेला आहे आणि उरलेली सहा अक्षरं टोकाला उघडी आहेत. या उघड्या तुकड्याला टोहोल्ड म्हणतात. द्रावणात आपण तिसरा धागा सोडतो. हा आगंतुक तळाच्या सगळ्या सव्वीस अक्षरांशी जुळणारा आहे, पण वीस जागा भरलेल्या आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, कडेच्या बोटभर फळीवर टेकतो आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला थोडाथोडा आत सरकतो, तसंच इथे घडतं. आगंतुक आधी टोहोल्डवर टेकतो. मग जुन्या जोडीदाराचं टोकाचं एक अक्षर सुटतं, त्या जागी आगंतुकाचं एक अक्षर बसतं. कधी जुना जोडीदार ते परत मिळवतो. फरक इतकाच की लोकलमध्ये चौघंही अंग चोरून बसतात. रेणूंच्या बाकावर शेवटी एकाला उतरावंच लागतं.

ही सरकासरकी आंधळी असते. एक जोडी तुटते, तशीच दुसरी जुळते. ऊर्जेचा हिशेब जागच्या जागी राहतो. त्यामुळे पुढे सरकण्याची शक्यता जितकी, तितकीच मागे येण्याची. हिसके देणारी शक्ती म्हणजे पाण्याच्या रेणूंची उष्णतेमुळे चाललेली धडपड, बाकी काही नाही. एकेका पावलाला सेकंदाचा दहा-हजारावा भाग लागतो असं मोजमाप आहे. वीस अक्षरांचं अंतर असं पुढेमागे करत कापायला काहीशे पावलं पडतात, तरी सगळा मामला सेकंदाच्या लहानशा अंशात आटोपतो. दिशा ठरते ती फक्त दोन टोकांवर. सुरुवातीला टोहोल्डच्या सहा जोड्या आगंतुकाच्या पदरात पडलेल्या असतात, त्या जुन्या जोडीदाराकडे कधीच नव्हत्या. आणि शेवटी सुटलेला धागा द्रावणात दूर निघून जातो. परत यायचं म्हटलं तरी त्याला टेकायला उघडी जागा उरलेली नसते.

टोहोल्डच्या लांबीवर हा सगळा खेळ किती अवलंबून असतो, याचं मोजमाप डेव्हिड झांग आणि एरिक विनफ्री यांनी २००९ साली कॅल्टेकमध्ये बारकाईने मांडलं. टोहोल्ड मुळीच नसेल तर विस्थापन होतं, पण रेंगाळत. एकेक अक्षर वाढवलं की वेग साधारण दहापट होत जातो, आणि सहा-सात अक्षरांपाशी तो वाढायचा थांबतो. या दोन टोकांमध्ये जवळजवळ दहा लाखपट अंतर आहे. रसायनशास्त्रात अभिक्रियेचा वेग कागदावर अक्षरं मोजून ठरवता यावा, ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येते.

ही चैन कशासाठी वापरायची ते पहिल्यांदा दाखवलं बेल लॅब्जमधल्या बर्नार्ड युर्के यांनी, ऑक्सफर्डचे अँड्र्यू टर्बरफील्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर. २००० सालच्या त्यांच्या शोधनिबंधात डीएनएचा एक चिमटा आहे. तीन धाग्यांचा हा चिमटा काही नॅनोमीटरांचा आहे. दोन पाती ताठ, मधला सांधा लवचीक, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला लोंबतं शेपूट. दोन्ही शेपटांना एकदम पकडणारा चौथा धागा घातला की पाती जवळ येतात आणि चिमटा मिटतो. हा चौथा धागा थोडा लांब ठेवलेला असतो. त्याची आठ अक्षरं रिकामीच राहतात. पाचवा धागा त्या आठ अक्षरांवर पाय रोवतो, चौथ्याला पूर्ण ओढून नेतो आणि चिमटा उघडतो. चौथा नि पाचवा एकमेकांत गुंतून कचरा म्हणून तरंगत राहतात. दर फेरीला एवढंच इंधन जळतं. एन्झाइम नाही, वीज नाही, तापमानात बदल नाही.

चिमट्यानंतर सर्किटं आली. एक धागा सुटला की तोच पुढच्या अभिक्रियेचा आगंतुक होऊ शकतो, मग तिसरीचा. म्हणजे साखळी लावता येते. गेओर्ग झेलिग आणि विनफ्री यांच्या गटाने २००६ साली याच युक्तीने तार्किक द्वारं, म्हणजे लॉजिक गेट, बांधली. लुलू छियान आणि विनफ्री यांनी २०११ साली चार बिटांच्या संख्येचं वर्गमूळ काढणारं सर्किट केलं. त्यात डीएनएचे १३० धागे होते. २०१८ साली केविन चेरी आणि छियान यांनी हाताने लिहिलेले आकडे ओळखणारं जाळं केलं, दहा बाय दहाच्या चौकटीत रंगवलेले आकडे, चौकटीतल्या प्रत्येक घराला एक वेगळा धागा. वर्गमूळाला कित्येक तास लागत. तिसरीतल्या मुलालाही त्याहून कमी वेळ लागतो हे खरं, पण त्यावरून या कामाची टिंगल करण्यात अर्थ नाही. या सर्किटाला दिलेला प्रश्न हा स्वतःच एक रेणू असतो आणि उत्तरही रेणूच. एखाद्या पेशीत विशिष्ट आरएनए आहे का, दोन आरएनए एकत्र आहेत का, हे विचारायचं असेल तर असलंच गणित हवं.

पण मग हे गणित परीक्षानळीतच का अडकून राहिलं?

पहिलं कारण गळती. कागदावर जी अभिक्रिया टोहोल्डशिवाय होत नाही, ती नळीत हळूहळू होतच असते. पिळाची टोकं स्थिर नसतात. टोकाची एक-दोन अक्षरं सारखी सुटत-जुळत असतात आणि त्या क्षणभराच्या फटीत नको असलेला धागा घुसतो. शिवाय हे धागे यंत्रावर एकेक अक्षर जोडून बनवतात. दर अक्षराला ९९ टक्के यश मिळालं तरी पन्नास अक्षरांच्या शंभर धाग्यांपैकी जेमतेम साठ पूर्ण निघतात, बाकीचे तोकडे. तोकडा जोडीदार बसला की तळाची चारदोन अक्षरं उघडी पडतात, म्हणजे आपण न ठेवलेलं टोहोल्ड तयार होतं. एका द्वारातली थोडी गळती चालून जाते. दहा द्वारांची साखळी असली, त्यात मध्येच संदेश मोठा करणारी पायरी असली, की गळतीही त्याच इमानदारीने मोठी होते आणि कुणी काहीच न विचारता सर्किट ‘हो’ म्हणतं. मजकूर रचतानाही म्हणून काळजी घ्यावी लागते. छियान आणि विनफ्री यांच्या सर्किटांत संदेश वाहणाऱ्या धाग्यांवर जी हे अक्षरच नाही, तीनच अक्षरांवर भागवलेलं आहे, कारण अक्षरांची निवड कमी केली की धागे आपसांत अवेळी गुंतण्याचं प्रमाण घटतं.

दुसरं कारण जास्त गंभीर, ते म्हणजे पेशी स्वतः. रक्तात आणि पेशीत न्यूक्लिएज नावाची एन्झाइम्स असतात. परका डीएनए किंवा आरएनए दिसला की त्याचे तुकडे करायचे, हे त्यांचं काम. साधे, सुटे डीएनए धागे तिथे फार काळ टिकत नाहीत. आणि जे टिकतात, ते गर्दीत सापडतात. पेशीत हजारो प्रकारचे आरएनए फिरत असतात. आपल्या धाग्याच्या सहा-सात अक्षरांशी जुळणारा मजकूर त्यांतल्या कित्येकांवर योगायोगानेच असणार. सहा अक्षरांचा कोणताही क्रम सरासरी चार हजार अक्षरांमागे एकदा येतोच. परीक्षानळीत ज्याच्याशी गाठ पडलीच नव्हती असा कोणीतरी येऊन टोहोल्डवर बसतो आणि सर्किट खोळंबतं.

यावर पहिला उपाय धाग्याचा कणा बदलण्याचा. १९९७-९८ च्या सुमारास जपानमध्ये ताकेशी इमानिशी यांच्या गटाने आणि डेन्मार्कमध्ये येस्पर वेंगेल यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आरएनएच्या साखरेत एक छोटा पूल घालून ती एकाच आकारात जखडून टाकली. हे लॉक्ड न्यूक्लिइक अॅसिड, एलएनए. जखडलेलं एकेक अक्षर पिळाचं वितळण्याचं, म्हणजे दोन धागे सुटे होण्याचं, तापमान काही अंशांनी वाढवतं. पिळाच्या टोकाशी अशी दोनचार अक्षरं पेरली की टोकाची उघडझाप कमी होते, गळती आटोक्यात येते, आणि न्यूक्लिएजलाही ती सहज चावता येत नाहीत. उपाय चांगला, पण अर्धा. एलएनए सगळ्या डीएनए-आरएनएशी जुळतो, उलट जास्तच घट्ट जुळतो. गर्दीचा प्रश्न सुटत नाही, कधीकधी वाढतो.

गर्दीतून सुटायचं तर गर्दीला ओळखच पटणार नाही असा धागा हवा. निसर्गातला डीएनए उजवा पिळलेला असतो, कारण त्याच्या साखरेचा रेणू एकाच घडणीचा आहे. प्रयोगशाळेत त्याच साखरेची आरशातली प्रतिमा वापरून डीएनए करता येतो. त्याला एल-डीएनए म्हणतात. मजकूर तोच, अक्षरं तीच, जुळण्याचे नियम तेच, वितळण्याचं तापमानही तेच. फक्त पीळ डावा. न्यूक्लिएजचे जबडे उजव्या पिळाला बेतलेले असल्यामुळे त्यांना हा धागा पकडता येत नाही, आणि नैसर्गिक आरएनए त्याच्याशी नीट जुळू शकत नाही. परीक्षानळीसाठी रचलेलं सर्किट जसंच्या तसं एल-डीएनएमध्ये उतरवलं, की ते पेशीच्या गर्दीतही एकटं, शांत चालू शकतं. पण ज्या आरएनएला ओळखण्यासाठी हे सर्किट केलं, त्यालाही आता ते ओळखू शकत नाही! सुरक्षितता पूर्ण आणि उपयोग शून्य.

हा पेच सोडवायला मध्ये असा कुणीतरी लागतो, ज्याची दोन्हीकडे ओळख आहे. इथे पुन्हा कोपनहेगनचा पीएनए येतो. त्याच्या कण्यात साखरच नाही, म्हणून त्याला स्वतःचं डावं-उजवं नाही. तो नैसर्गिक डीएनएशीही जुळतो आणि आरशातल्याशीही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जोनाथन शेपान्स्की यांच्या गटाने २०१७ साली याचा फायदा घेतला. त्यांनी पीएनएवर एल-डीएनएचा धागा बसवून ठेवला. नैसर्गिक डीएनए किंवा मायक्रो-आरएनए नावाचा आखूड आरएनए पीएनएच्या उघड्या भागावर टेकतो, सरकत पुढे येतो आणि एल-डीएनएला बाहेर काढतो. सुटलेला एल-डीएनए मग आपल्या डाव्या जगातलं सर्किट सुरू करतो. म्हणजे विस्थापनाच्या एकाच पायरीत मजकूर आरशाच्या अलीकडून पलीकडे जातो.

नागोया विद्यापीठात हिरोयुकी असानुमा, केइजी मुरायामा, हिरोमु काशिदा ही मंडळी वेगळ्या वाटेने याच जागी पोहोचली, आणि मला त्यांची वाट जास्त रंजक वाटते. या गटाचं जुनं काम होतं प्रकाशाने डीएनए उघडण्या-मिटण्याचं. प्रकाश पडला की आकार बदलणारा अझोबेंझीन नावाचा रेणू त्यांना डीएनएच्या धाग्यात अडकवायचा होता. त्यासाठी खुंटी म्हणून त्यांनी थ्रिओनिनॉल वापरलं. थ्रिओनिन या अमिनो आम्लापासून मिळणारा हा छोटा, बिनवलयाचा रेणू. पुढे त्यांनी कण्यातली सगळी साखर काढून प्रत्येक जागी थ्रिओनिनॉलच बसवलं आणि त्याला नेहमीची चार अक्षरं लटकवली. साखरेत असतं तसं वलय नसलेला कणा ढिला, वाकडातिकडा हलणारा. त्याचा नीट पीळ पडणं अवघड, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. डीएनएमध्ये मधूनच असली बिनवलयाची अक्षरं घातली की पीळ कमजोर होतो, हे अनेकांनी पाहिलंही होतं. पण संपूर्ण थ्रिओनिनॉलचे दोन धागे एकमेकांशी जुळले, तेव्हा पीळ डीएनएपेक्षाही मजबूत निघाला. २०१० सालच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात या मजबुतीला त्यांनी ‘अनपेक्षित’ म्हटलं आहे, आणि शास्त्रज्ञ शीर्षकात असले शब्द सहसा जपून वापरतात.

या धाग्याचं नाव एटीएनए. थ्रिओनिनॉलच्याही दोन घडणी आहेत. डी-एटीएनएचा पीळ डावा. तो डीएनए-आरएनएशी जुळत नाही. एल-एटीएनएचा उजवा, तो जुळतो. ही दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. (नावांतला डी-एल इथे डीएनएच्या अगदी उलट पडतो, या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी छळतं.) मग २०११ साली त्यांनी सेरिनॉलचा कणा केला, एसएनए. सेरिनॉल म्हणजे थ्रिओनिनॉलमधून एक मिथाइल गट वजा. तेवढ्या कपातीने रेणू सममित होतो. त्याला स्वतःचं डावं-उजवं राहत नाही. गंमत अशी की एसएनएच्या धाग्याला डावं-उजवंपण येतं ते त्यावर लिहिलेल्या मजकुरातून. तोच मजकूर उलट्या क्रमाने लिहा, आरशातली प्रतिमा मिळते. दोन्ही टोकांकडून सारखाच वाचता येणारा मजकूर लिहा, डावं-उजवं नाहीसं होतं. इतर बहुतेक न्यूक्लिइक आम्लांत घडण कण्यात ठरते. इथे ती अक्षरांच्या क्रमात आहे. आणि कणा तटस्थ असल्यामुळे एसएनए सगळ्यांशी जुळतो: डीएनए, आरएनए, एल-एटीएनए, डी-एटीएनए.

आता तुकडे जुळवून पाहा. डी-एटीएनए पेशीच्या गर्दीला अनोळखी आणि न्यूक्लिएजला अभेद्य, म्हणजे सर्किट त्याचं करावं. एसएनए दोन्हीकडे ओळख असलेला, म्हणजे दारात तो ठेवावा. २०२२ साली नागोयाच्या गटाने नेमकं हेच केलं. सर्किट म्हणून त्यांनी घेतली हेअरपिनांची साखळी-अभिक्रिया. ही मूळ कल्पना कॅल्टेकमधल्या रॉबर्ट डर्क्स आणि नाइल्स पिअर्स यांची, २००४ सालची. त्यात धागे स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखे मिटलेले असतात. दोन जातींच्या हेअरपिना शेजारी शेजारी तरंगत असतात, पण उघडत नाहीत. सुरुवातीचा एक धागा आला की तो पहिलीच्या शेपटावर टेकतो आणि विस्थापनाने तिला उघडतो. उघडलेलं टोक दुसरीला उघडतं. दुसरीचं टोक पुन्हा पहिलीच्या जातीला, आणि साखळी वाढत जाते. एका धाग्याच्या येण्याचा असा मोठा, दिसण्याजोगा संदेश होतो.

डर्क्स-पिअर्सच्या हेअरपिनचं दुमडलेलं देठ १८ जोड्यांचं होतं. डी-एटीएनएची पकड इतकी घट्ट की त्याला सातच जोड्यांचं देठ पुरलं, आणि तेवढ्यावरही बोलावल्याशिवाय हेअरपिना उघडल्या नाहीत. एल-एटीएनएचं दुसरं सर्किट त्याच नळीत ठेवलं तरी दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबुड केली नाही. एसएनएचा एकच धागा मात्र दोन्ही सर्किटं सुरू करू शकला. शेवटी आरएनएची पाळी. आरएनए आला, त्याच्यामुळे एसएनए सुटला, एसएनएने डी-एटीएनएची साखळी सुरू केली; ३००० सेकंदांत, म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर, ८० टक्के अभिक्रिया पूर्ण झाली आणि गळती लक्षात येण्याजोगी नव्हती.

हे सगळं नळीतलं आहे, हे सांगायला हवं. पेशीच्या आत हेअरपिना पोहोचवायच्या कशा, हा वेगळाच प्रश्न. बाहेरून आलेले धागे पेशी एका पिशवीत कोंडून ठेवते आणि बहुतेक तिथेच संपवते. मायक्रो-आरएनएच्या एका पेशीत कधी काहीशेच प्रती असतात, आणि तितक्या थोड्या आगंतुकांवर साखळी चालून ती सूक्ष्मदर्शकात दिसायला हवी. शिवाय किंमत. डीएनएच्या एका प्रतीपासून पॉलिमरेज एन्झाइम कोट्यवधी प्रती काढून देऊ शकतं. डी-एटीएनएला पेशीतलं पॉलिमरेजही ओळखत नाही. ज्या अनोळखीपणासाठी तो निवडला, त्याच अनोळखीपणामुळे त्याचं एकेक अक्षर रसायनशाळेत आधी बनवावं लागतं आणि मग यंत्रावर एकामागून एक जोडावं लागतं, प्रत्येक प्रयोगासाठी नव्याने.